माझ्यावर झाली ती कृपा

आमच्या मंडळीतल्या रूथवहिनींचे यजमान गेले दहा दिवस जळगावला श्वासाच्या मशीनवर आहेत. रविवारी उपासना संपल्यावर वहिनी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही त्यातून गेलात, आत पडलेल्या माणसाला काय वाटतं ते मला सांगा. चर्चच्या पायरीवर उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं. घरी आले आणि लिहायला बसले.

आठ वर्षं झाली. मंडळीत माझी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. प्रभूने बाईंना मरणाच्या दारातून परत आणलं, बाईंवर देवाची मोठी कृपा. ती गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी मी आजवर सलग कोणाला सांगितलेली नाही.

पायांतल्या मुंग्या

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही दीपनगरच्या कॉलनीत राहत होतो. हे वीज केंद्रात, मी तिथल्याच प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा. सहामाही परीक्षेच्या आधी मला दोन दिवस जुलाब झाले, बरे झाले, मी विसरूनही गेले. आठवड्याने पायांच्या बोटांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना खडू हातातून सुटला. उचलायला वाकले आणि मला उठता येईना. मुलं हसली, मीही हसले.

संध्याकाळपर्यंत हसणं संपलं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून मला ह्यांनी उचलून कॉटवर ठेवलं. कॉलनीचे डॉक्टर आले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारल्यावर त्यांनी हातोडी पिशवीत ठेवली आणि त्यानंतर माझ्याशी न बोलता फक्त ह्यांच्याशी बोलले. मी तेव्हाच ओळखलं. वहिनी, आजाराचं नाव कळतं तो दिवस लोक लक्षात ठेवतात. माझ्या लक्षात राहिलंय ते डॉक्टरांचं नजर वळवणं.

जळगावच्या दवाखान्यात नेलं. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्याच माणसांनी मला जगवलं. तिथले मोठे डॉक्टर सरळ बोलणारे होते. त्यांनी आजाराचं एक लांबलचक परदेशी नाव सांगितलं आणि मग आमच्या भाषेत म्हणाले, "हा पायांकडून वर चढतो आणि मग आपणहून उतरतो. चढताना छातीपर्यंत गेला, तर काही दिवस श्वास आम्हाला द्यावा लागेल." ह्यांनी विचारलं, किती दिवस. डॉक्टर म्हणाले, ते त्या आजारालाच माहीत.

तिसऱ्या दिवशी तो छातीपर्यंत आला.

दुसऱ्यांच्या हातातला श्वास

गळ्याला भोक पाडून नळी घातली. बोलणं बंद झालं. दवाखान्यात श्वासाचं मशीन एकच होतं आणि तेही दुरुस्तीसाठी नाशिकला गेलेलं. म्हणून नळीला एक रबरी फुगा जोडला. तो हाताने दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. अख्खा दिवस, अख्खी रात्र. दाबणारा थांबला की मीही थांबणार.

आमच्या मंडळीने पाळ्या लावल्या. हे, पाळकसाहेब, त्यांच्या मिसेस, ह्यांचे केंद्रातले मित्र पाटीलभाऊ. माझ्या पापण्यांखेरीज काहीच हलत नव्हतं, पण डोळे मिटूनही फुगा कोणाच्या हातात आहे ते मला कळायचं. पाटीलभाऊंचा श्वास एकसारखा, यंत्रासारखा. पाळकसाहेबांच्या मिसेस घाबरून भराभर छोटे श्वास द्यायच्या. ह्यांचा श्वास मधूनच अडखळायचा. त्यावरून कळायचं की हे रडतायत.

वहिनी, सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. आतला माणूस जागा असतो. मला सगळं ऐकू येत होतं. कूस बदलताना हात दुमडून अंगाखाली राहिला तर दुखायचं, आणि सांगता यायचं नाही. माझी मोठी बहीण धुळ्याहून आली. माझ्या उशाशी उभी राहून ती ह्यांना म्हणाली की मुलांचं पुढे काय करायचं ते आता ठरवायला हवं. मी ऐकत होते. ती असं बोलल्याचं तिने अजून मला सांगितलेलं नाही आणि मीही कधी विचारलेलं नाही. तेव्हा यजमानांच्या खाटेजवळ जपून बोला. पण बोला. अंगाला हात लावण्याआधी, आता हात लावते असं सांगा. लीलासिस्टर म्हणून एक परिचारिका होत्या. त्या रोज सकाळी आल्या की आधी वार सांगायच्या, मग किती वाजले, मग बाहेर ऊन आहे की ढग. ओल्या कापसाने ओठ पुसायच्या. एवढ्यावर मी पुढचा दिवस काढत असे. हो म्हणायचं असेल तर डोळे एकदा मिटायचे, नाही म्हणायचं असेल तर दोनदा, ही सोयही त्यांनीच लावून दिली.

पडद्यापलीकडे

माझ्या शेजारची खाट रिकामी होती. एका सकाळी तिथे धावपळ झाली. मधे हिरवा पडदा होता, त्यामुळे दिसलं काहीच नाही, ऐकलं मात्र सगळं. चोपड्याकडची सतरा वर्षांची मुलगी. झोपेत मण्यार चावली होती. सापाच्या विषावरची लस दिली होती, पण तोवर श्वास बंद पडत आला होता. तिच्याही गळ्यात नळी घातली, तिच्या बापाच्या हातात फुगा दिला. डॉक्टरांनी त्याला समजावलं की विष उतरायला चार-पाच दिवस लागतील, तेवढे दिवस हा दाबत राहा, पोरगी उठून बसेल.

तिचं नाव कोकिळा. बाप तिला कोकी म्हणायचा. त्याच्या सोबत त्याचा एक भाऊ होता. दोघंच. आमच्यासारख्या पाळ्या लावायला त्यांच्याकडे माणसं नव्हती.

आणि तो बोलायचा. फुगा दाबत दाबत त्याचं सतत चालायचं. केळीच्या बागेत पाणी कोणी धरलं, कोण कोण विचारपूस करून गेलं. घरची म्हैस कोकीशिवाय कोणाला हात लावू देत नव्हती, म्हणून आई कोकीची ओढणी डोक्यावरून घेऊन धार काढायला बसली, तेव्हा कुठे तिने पान्हा सोडला. हे तो तिला दिवसातून दोन-तीनदा सांगायचा. सिस्टर त्याला म्हणाल्या, आबा, थोडं गप्प बसा, दमाल. तो गप्प बसायचा आणि जरा वेळाने पुन्हा सुरू करायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ चहा प्यायला बाहेर गेला. आबा एकटाच होता. पडद्याआड कोकीसारखीच दुसरी एक बाई जागी पडली आहे हे त्याला ठाऊक नसावं. त्याचा आवाज एकदम खाली गेला.

"कोकी, मी तुले मारं. मी मारं म्हनीसन तू रागमा कापूसनी खोलीमा झोपी गयी. मन्ही चुकी व्हयनी, बेटा. मी परत हात उगाराव नही."

नंतरच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. गावात कोणाच्या तरी लग्नासाठी व्हिडिओ आणला होता. कोकी न विचारता बघायला गेली. परत आल्यावर बापाने थोबाडीत मारली. ती रुसली आणि रोजच्या खाटेवर न झोपता कापूस भरलेल्या खोलीत जमिनीवर झोपली. मण्यार तिथे होती.

तो हे त्या दिवसापासून पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ऐकणाऱ्या आम्ही दोघी होतो आणि दोघींपैकी कोणालाही उत्तर देता येत नव्हतं.

एकदा डोळे मिटले

त्याच संध्याकाळी मशीन दुरुस्त होऊन आलं. दोन खाटांच्या मधल्या जागेत आणून ठेवलं. दाराशी पाळकसाहेब मोठ्या डॉक्टरांशी बोलत होते. ते डॉक्टरांना पूर्वीपासून ओळखत होते. मला शब्द तुटक ऐकू आले. आमची बाई आहे, शिक्षिका, दोन लहान मुलं, मंडळी आठ दिवस दमून गेली आहे. डॉक्टर म्हणाले की मुलीला चारच दिवस लागणार, तेवढे हाताने निघतील. बाईंना महिना लागेल, महिनाभर हाताने निघणार नाही. म्हणजे त्यांचा निर्णय हिशेबाला धरून होता. पाळकसाहेब बोलले नसते तरी तोच झाला असता का, हे मला आजही माहीत नाही. कदाचित डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.

डॉक्टर माझ्यापाशी आले. ते भल्या स्वभावाचे होते, मला न सांगता काही करत नसत. वाकून म्हणाले, "बाई, मशीन आलंय. तुम्हाला लावतो. चालेल ना?"

वहिनी, त्या वेळी पडद्यापलीकडे फुगा दाबल्याचा आवाज येत होता. माणूस थकला की तो आवाज बदलतो, हे मला आठ दिवसांच्या अनुभवाने कळत होतं. तिकडचा आवाज बदललेला होता. हे मला कळत होतं, आणि मला नाही म्हणण्याची सोय होती. नाही म्हणून काही उपयोग झाला नसता, डॉक्टरांनी ऐकलं नसतं, हे मी स्वतःला हजार वेळा सांगून झालं आहे.

मी डोळे एकदा मिटले.

ह्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्याने प्रभूचे उपकार मानले. मशीनचा पहिला श्वास आला. भरपूर, खोल, न चुकणारा. इतकं सुख मला आयुष्यात क्वचितच मिळालं असेल. त्या सुखाचीच मला पुढे सगळ्यात जास्त भीती वाटत आली आहे.

चौथा दिवस

कोकिळेच्या नळीत चौथ्या दिवशी दुपारी कफ अडकला. त्या वेळी फुगा तिच्या काकाच्या हातात होता. तो दाबत होता पण आत काही जात नव्हतं आणि त्याला ते लगेच कळलं नाही. सिस्टर धावल्या, डॉक्टर धावले, नळी बदलली. बराच वेळ पळापळ चालली. मग सगळे आवाज एकेक करून थांबले.

आबा रडला नाही. त्याने लीलासिस्टरना विचारलं की तिच्या गळ्याची नळी काढून टाकाल का, आईला ती दिसायला नको. सिस्टरनी काढली. मग ते तिला घेऊन गेले आणि पडदा बाजूला झाला. मी इतके दिवस ऐकलेली खाट पहिल्यांदा पाहिली. चुरगळलेली चादर, उशीचा दबलेला भाग. माझं मशीन श्वास देत होतं. मला एक क्षणही थांबता आलं नाही. रडायला श्वास आपला लागतो, वहिनी. तोही माझा नव्हता.

सिस्टर आवरताना कोणाला तरी म्हणाल्या की सकाळी मुलीची बोटं हलली होती.

साक्ष

मी पाच आठवडे मशीनवर होते. आजार जसा चढला तसा उतरला. आधी खांदे, मग हात, शेवटी पाय. त्यानंतर तीन महिने धुळ्याला आईकडे राहिले. चमचा धरायला शिकले, भिंतीला धरून चालायला शिकले. मुलं दीपनगरहून शनिवारी यायची. मुलगा पहिले काही दिवस माझ्या गळ्यावरच्या खुणेकडे बघायचा आणि लांब बसायचा. मुलगी घर सांभाळायला इतकी शिकली होती की तिच्यासमोर मला माझीच लाज वाटायची. हे मला जपायचे, पण मी काही बोलले नाही की घाबरायचे. मला त्यांच्यावर उगाच राग येई. एकदा मी त्यांना म्हटलं की मला तिकडचा आवाज ऐकू येतो. ते म्हणाले, विसर आता, देवाने आपल्याला वाचवलं ना. त्यातला "आपल्याला" हा शब्द मला खुपला.

उन्हाळ्यात मंडळीने माझ्यासाठी उपकारस्तुतीची उपासना ठेवली. मी काठी घेऊन पुढे गेले. सगळे माझ्या साक्षीची वाट बघत होते. मी सुरुवात केली की प्रभूने माझ्यावर कृपा केली, आणि पुढचं वाक्य येईना. कारण पुढचं वाक्य असं होतं: मग तिच्यावर का नाही केली? मला जे मिळालं ती कृपा होती की वशिला? देवाचा हात होता की पाळकसाहेबांची ओळख? मी खाली बसले. लोकांना वाटलं बाईंचं मन भरून आलं. त्यांनी गीत सुरू केलं.

दोन दिवसांनी मी पाळकसाहेबांकडे गेले आणि पडद्यापलीकडचं सांगितलं. माझं डोळे मिटणंही सांगितलं. त्यांच्या मिसेसनी चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. ते साठीचे होते, उत्तर देण्याची त्यांना सवय होती. त्या दिवशी त्यांनी आधी स्वतःचंच सांगितलं.

म्हणाले, "मी डॉक्टरांकडे तुझ्यासाठीच गेलो होतो. त्या चार दिवसांत मी तुझ्या खाटेशी किती वेळा प्रार्थना केली. पडद्यापलीकडच्या मुलीचं नाव एकदाही घेतलं नाही. मलाही ते आठवतं."

मग ते म्हणाले की कृपा मिळाली म्हणून आपण कोणाहून चांगले ठरत नाही. कमावली असती तर ती मजुरी झाली असती. ज्या मरीयेला देवाची कृपा लाभली असं देवदूत सांगून गेला, तिला मुलाचं मरण उभं राहून बघावं लागलं. ज्याच्यावर कृपा झाली त्याला सुख होईल असं शास्त्रात कुठे सांगितलेलं नाही. त्याला कुठे तरी पाठवलं जातं, एवढं मात्र दिसतं. ती मुलगी का गेली हे मला माहीत नाही, म्हणाले, आणि माहीत आहे असं सांगणाऱ्याचं तू ऐकू नकोस.

घरी येताना मी ठरवलं की चोपड्याला जायचं.

चोपड्याच्या पुढे

गावाचं नाव आबाच्या बोलण्यात इतक्यांदा आलं होतं की विचारावं लागलं नाही. हे सोबत आले. चोपड्याहून दुसऱ्या एसटीने सातपुड्याच्या बाजूला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. आबा ओट्यावर बसून केळीच्या वाळलेल्या सोपटाच्या दोऱ्या वळत होता. मी त्याला त्याआधी पाहिलंच नव्हतं. माझ्या मनात तो उंच होता. प्रत्यक्षात बारीक, खांदे पडलेले, वय चाळिशीचं. लोक आबा म्हणत म्हणून मी म्हातारा समजले होते.

मी कोण ते सांगितलं. जळगावला, शेजारची खाट. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "मशीनवाली बाई. बठ, माय." आतून पाण्याचा तांब्या आणून दिला.

मी घरून वाक्यं ठरवून आले होते. ती सगळी सांगितली. मशीन आलं तेव्हा मला कळत होतं की तिकडेही गरज आहे. मला विचारलं होतं. मी हो म्हटलं. त्याने मान खाली घालून ऐकलं. त्याने मला माफ केलं असं म्हणावं म्हणून मी आले होते, हे मला तिथे ओट्यावर बसल्यावर कळलं. तो तसं म्हणाला नाही. आजवर म्हणालेला नाही.

तो माझ्या गळ्यावरच्या खुणेकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "बाई, इतलं सांग. तिले ऐकू येत व्हतं का?"

मला आधी प्रश्नच समजला नाही. मग समजला. डॉक्टर, सिस्टर, शिकलेली माणसं त्याला खूप भेटली होती, पण आत पडून परत आलेलं कोणी भेटलं नव्हतं. त्या खाटांवरून जिवंत उठलेली मी एकटीच होते.

मी म्हटलं, "आबा, माझंही सगळं अंग बंद होतं आणि मला सगळं ऐकू येत होतं. मोठ्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं होतं. ते म्हणाले, मण्यारीच्या विषाने अंग लुळं पडतं, डोळे उघडत नाहीत, पण माणूस बहुतेक आत जागा असतो. तुम्ही जे जे बोललात ते तिच्या कानावर पडलं."

"बठ्ठं?"

हो, सगळं, मी म्हटलं आणि त्याला म्हशीचं सांगितलं. आईने ओढणी घेऊन धार काढली ते सांगितलं. केळीचं पाणी सांगितलं. मग जे सांगायला जीभ उचलत नव्हती तेही सांगितलं, दुपारी हळू आवाजात तो काय म्हणाला होता ते, त्याच्याच शब्दांत. माझ्या खाटेपर्यंत ते आलं, म्हणजे हातभर अंतरावर तिला नक्की आलं. तिने माफ केलं का ते मला माहीत नाही, आबा, मी म्हटलं. तिने ऐकलं, एवढंच मी सांगू शकते.

तो उठला. ओट्याच्या खांबाला धरून उभा राहिला. हे माझ्याकडे बघत होते. त्यांनी हे सगळं पहिल्यांदाच ऐकलं होतं. आबाने आत बघून बायकोला हाक मारली.

"आठे ये. ही बाई काय सांगी राहिनी ते ऐक."

ती हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. आबा तिच्या शेजारी खाली बसला. मी पाण्याचा एक घोट घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.